अंधारात हाताला लागणारी पिशवी: नागपूरच्या घरासाठी आणीबाणीची तयारी

२२ सप्टेंबर २०२३ च्या शुक्रवारी माझ्या आत्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. घर तळमजल्यावर, नाग नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. शेवटची पंगत उठायला रात्रीचे अकरा वाजले. लांबून आलेले पाहुणे सतरंजीवर आडवे झाले. मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळू लागला आणि पहाटे कधीतरी बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येऊ लागलं. पाणी दारातून शिरेल असं आपण धरून चालतो, पण ते आधी मोरीतून आलं. आत्या उठली तेव्हा घोटे बुडाले होते आणि लाईन गेलेली होती. तिने आधी देवीचे मुखवटे काढून वरच्या मजल्यावर पोचवले. मग आतोबांना दम लागला आणि त्यांचा दम्याचा पंप सापडेना. उशाशी ठेवलेला पंप पाहुण्यांच्या गाद्या घालताना कोणीतरी उचलून भलतीकडे ठेवला होता. मोबाइलच्या उजेडात चार माणसं पंप शोधत होती. तोवर दिवाणात ठेवलेल्या फायलींत पाणी गेलं.

त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट पाण्यात गेले. मोरभवन बसस्थानकावर बसगाड्या बुडाल्या. लष्कराला बोलवावं लागलं. काही जणांचा जीव गेला.

आतोबांचा पंप शेवटी फ्रिजवर सापडला आणि ते वाचले. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. आणीबाणीत लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या घरात असतातच. अडचण येते ती त्या अंधारात, घाईत, एका हाताने न सापडण्याची. नागपुरात त्यात आणखी एक भर पडते, ती उन्हाळ्याची. सप्टेंबरसाठी जमवलेलं सामान आपला मे महिनाच खराब करून टाकतो. खाली जे लिहिलं आहे ते या दोन गोष्टी धरून आहे. ज्यांनी अशी पिशवी कधी भरलेली नाही त्यांच्यासाठी, आणि जे या शहरात नुकतेच राहायला आलेत त्यांच्यासाठी.

पायरी १: आधी घर फिरून बघा

काहीही विकत आणण्याआधी एका संध्याकाळी घरच्या सगळ्यांना घेऊन बसा आणि मग घराभोवती एक चक्कर मारा. आपल्या घराला सर्वांत जवळचा नाला कोणता? नाग नदी, पिवळी नदी आणि पोहरा नदी या तिघींना मिळणारे नाले शहरभर पसरलेले आहेत. त्यातले कितीतरी स्लॅबखाली झाकले गेलेत. नवीन माणसाला आपण नाल्याच्या काठी राहतो हे कळतही नाही. शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, "काकू, इथे पाणी कुठवर येतं?" भिंतीवरची खूण दाखवतील. ती खूण कुठल्याही नकाशापेक्षा उपयोगाची.

मग घरात या. मीटर आणि मेन स्विच कुठे आहे? घरातल्या किती जणांना तो बंद करता येतो? अपार्टमेंट असेल तर मीटर बहुधा पार्किंगमध्ये असतात, म्हणजे पाणी सर्वांत आधी पोचतं तिथेच. गच्चीच्या दाराची चाबी कोणाकडे असते? रात्री दोन वाजता ती मिळेल का? आमच्या इमारतीत ती एकाच घरात असायची आणि ते लोक उन्हाळाभर गावी. आता जिन्यात, वरच्या मजल्यावर, एक चाबी कायम टांगलेली असते.

शेवटी माणसं मोजा. आजी चढून जाऊ शकते का? तान्हं बाळ आहे का? कोणी गरोदर आहे का? कोणाला रोजचं औषध आहे? कुत्रा, मांजर आहे का? पिशवीत काय भरायचं हे या उत्तरांवर ठरतं. शेजाऱ्याची यादी जशीच्या तशी उचलू नका.

पायरी २: एक पिशवी न्यायची, एक पेटी घरात राहायची

नागपूरच्या आणीबाणीचे दोन प्रकार आहेत. एकात घर सोडून वर किंवा बाहेर जावं लागतं: पूर, आग, गॅसची गळती. दुसऱ्यात घरातच अडकून राहावं लागतं: मे महिन्यात वादळाने तार तुटली आणि दिवसभर लाईन नाही, किंवा चार दिवस नळ कोरडा. दोन्हींसाठी एकच सामान चालत नाही, म्हणून दोन भाग करा.

न्यायच्या भागासाठी मुलांचं जुनं दप्तर उत्तम, दोन्ही खांद्यांना लागणारं. हात मोकळे राहिले पाहिजेत, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात कठडा असणार आहे. सुटकेस नको, चाकं पाण्यात चालत नाहीत. वजन घरातल्या सर्वांत अशक्त मोठ्या माणसाला उचलता येईल एवढंच. भरून झाल्यावर त्याच माणसाच्या पाठीवर देऊन दोन जिने चढायला सांगा. जमलं नाही तर सामान कमी करा. आत सगळं जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत, कारण दप्तर भिजणारच.

आता जागा. दाराजवळ, छातीच्या उंचीवर, भक्कम खिळ्याला किंवा हुकाला. दिवाणात ठेवू नका, पाणी आधी तिथेच जातं आणि वर माणसं झोपलेली असतात. सज्जावर किंवा माळ्यावरही नको. गच्चीच्या स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टी होतो. मी पहिल्या वर्षी पिशवी माळ्यावर ठेवली होती. जूनमध्ये काढली तेव्हा मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या, बँडेजच्या पट्टीचा डिंक कागदावर उतरला होता आणि टॉर्चमधल्या सेलमधून पांढरी पावडर बाहेर आली होती. पिशवी होती, पण त्यातलं एकही काम करत नव्हतं. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. दरवर्षी तेवढा चढत नाही, पण ४४-४५ तर ठरलेलेच. तेव्हा पिशवी घरातल्या सर्वांत थंड भिंतीवर, म्हणजे पश्चिमेची ऊन खाणारी भिंत सोडून. गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही.

घरात राहायच्या भागासाठी झाकणाची प्लास्टिकची पेटी घ्या. ती स्वयंपाकघरात कमरेच्या वरच्या फळीवर ठेवा.

पायरी ३: पाणी

हिशेब सोपा आहे. पिण्यासाठी आणि थोड्याफार स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन ते चार लिटर धरा, तेही तीन दिवसांचं. चार माणसांच्या घराला साधारण ४० लिटर. वीस लिटरचे दोन जार झाले. उन्हाळ्यात एक जार वाढवा. आंघोळ, संडास, भांडी यांचं पाणी वेगळं, ते ड्रममध्ये असतंच.

वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. ते घेऊन कोणी पळत नाही. म्हणून दप्तरात फक्त माणशी एक लिटरची बाटली, बाकी पाणी पेटीजवळ. जार उन्हात, गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवू नका. घरी भरलेलं पाणी असेल तर आठवड्याला बदला, काढलेल्या पाण्याने फरशी पुसा, झाडांना घाला. सीलबंद बाटल्या असतील तर मागची तारीख बघा.

आपल्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, शुद्ध होऊन येतं. पण पूर आल्यावर घरचा जमिनीतला टाका बुडला असेल तर त्यातलं पाणी प्यायचं नाही, कितीही नितळ दिसलं तरी. वाड्यातल्या विहिरीचंही तेच. टाका उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन मगच वापरात घ्या. तोवर पाणी खळखळ उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळा किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा, प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आजीने तुरटी फिरवली तरी फिरवू द्या, पण नंतर पाणी उकळाच.

पायरी ४: खायचं

यावर फार विचार करू नका. विदर्भातलं घर याबाबतीत आधीच शहाणं आहे. फल्लीदाणे (शेंगदाणे), फुटाणे, गूळ, मुरमुरे, पातळ पोह्यांचा चिवडा, चिक्की, खजूर, भाजलेल्या डाळींचं सातूचं पीठ. चूल न पेटवता खाता येतं, मुलं खातात. सातूच्या पिठात गूळ आणि पाणी कालवलं की पोट भरतं. दप्तरात एका दिवसाचं, पेटीत तीन दिवसांचं.

एवढंच लक्षात ठेवा की फार खारट किंवा तिखट काही नको, तहान वाढते. तळलेलं आणि शेंगदाण्याचं उन्हाळ्यात लवकर खवट होतं. बाळ असेल तर त्याची दूधपावडर, वाटी-चमचा आणि उकळून गार केलेल्या पाण्याची वेगळी बाटली. मधुमेह असणाऱ्यासाठी चार गोळ्या साखरेच्या किंवा ग्लुकोजची पुडी, साखर अचानक उतरली तर.

पायरी ५: औषधं

इथे घाई करू नका. सगळ्या पिशवीत मी सर्वांत जास्त वेळ याच डब्यावर घालवते.

रोज चालू असलेली औषधं, बीपी, शुगर, थायरॉइड, फिट्स, दमा, हृदयाची, यांचा सात दिवसांचा वेगळा साठा. डॉक्टरांना सांगा की आणीबाणीच्या पिशवीसाठी एक आठवड्याची जास्तीची चिठ्ठी हवी आहे, ते देतात. पैशांचा प्रश्न असेल तर जनऔषधी केंद्रात तीच औषधं स्वस्त मिळतात. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. पट्टीवर नाव आणि तारीख असते, आणि अनोळखी डॉक्टरला तीच दाखवायची असते. चिठ्ठीची झेरॉक्स त्याच डब्यात.

दम्याचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात, फक्त पंप, दुसरं काही नाही. तो कप्पा बोटांनी ओळखता यावा म्हणून मी चेनला लाल लोकरीचा गोंडा बांधला आहे. अंधारात लाल दिसत नाही, पण गोंडा हाताला लागतो. पंपावर मोजणी असेल तर किती फवारे उरलेत ते दर महिन्याला बघा.

इन्सुलिनची अडचण आपल्याकडे खास. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत राहायला हवी, चालू असलेली काही आठवडे खोलीच्या तापमानाला टिकते. पण ही खोली म्हणजे २५-३० अंशांची, नागपूरची मे मधली खोली नव्हे. लाईन गेली की फ्रिज न उघडता ठेवा, चारेक तास आतला गारवा टिकतो. त्यानंतर माठ कामाला येतो. एक रुंद तोंडाचं मातीचं मडकं घ्या, त्यात ओली वाळू, वाळूत एक लहान मडकं, आणि त्या लहान मडक्यात घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डबीत इन्सुलिन. वर ओलं फडकं, आणि मडकं सावलीत वाऱ्याला. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत आतलं तापमान चांगलंच उतरतं. पावसाळ्याच्या दमट हवेत मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. तेव्हा बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला थेट न टेकवता, कापडात गुंडाळून ठेवा. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यायचं असतं.

प्रत्येक घराला लागणारं: ओआरएसची दहा पाकिटं, पॅरासिटामॉल, जुलाबावर मुलांसाठी डॉक्टरांनी सांगितलेलं झिंक, जंतुनाशक मलम आणि द्रावण, निर्जंतुक गॉज, रोल बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, थर्मामीटर, हातमोजे. चष्मा असणाऱ्याचा जुना चष्मा टाकून देऊ नका, या डब्यात ठेवा. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम पूर्ण घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात घालण्याची सवय चुकीची आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर बाळाला अपाय होतो, म्हणून चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट नको.

पावसाळ्यात साप घरात येतात. पाणी बिळांत शिरतं तसे तेही कोरडी जागा शोधत येतात. नाग, मण्यार, घोणस हे तिघे विषारी आपल्या भागात आहेत. चावल्यावर ब्लेड नको, दोरी आवळायची नाही, विष चोखायचं नाही, बाबाकडे न्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा पट्टीला बांधून स्थिर ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, माणसाला चालू देऊ नका आणि सरळ मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी दवाखान्यांपैकी एकात न्या. प्रतिविषावाचून उपाय नाही. डब्याच्या झाकणावर हे चार ओळींत लिहून चिकटवून ठेवलं तर त्या घाईत कोणाचा सल्ला ऐकायचा हा वाद होत नाही.

पायरी ६: कागद आणि पैसे

आत्याकडे बुडालेल्या फायलींत घराची रजिस्ट्री होती, मुलाच्या मार्कशीट होत्या, आतोबांची दवाखान्याची सगळी जुनी कागदपत्रं होती. रजिस्ट्रीची नक्कल कार्यालयातून मिळाली. मार्कशीटसाठी बोर्डात खेटे घालावे लागले. दवाखान्याचे कागद गेले ते गेलेच, आणि त्यांचीच किंमत सर्वांत जास्त होती.

म्हणून मूळ कागद सगळे एकाच पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात. पाऊच एका हातात उचलून दप्तरात टाकता यावा. दप्तरात कायमच्या राहतात त्या झेरॉक्स: सगळ्यांचं आधार, रेशनकार्ड, बँक पासबुकाचं पहिलं पान, विम्याच्या पॉलिसी, घराचा कागद किंवा भाडेकरार, गॅसचं पुस्तक. आधार, वाहनाची कागदपत्रं, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये आणून ठेवा. बाकीच्यांचे फोटो काढून घरातल्या दोन फोनवर आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाकडे.

पुरानंतर पंचनामा होतो. तेव्हा काय गेलं हे सांगावं लागतं आणि डोकं चालत नाही. आजच प्रत्येक खोलीचा एक फोटो काढून ठेवा: टीव्ही, फ्रिज, कूलर, गाद्या, शिलाई मशीन. पाणी ओसरल्यावर चिखल काढायच्या आधी पुन्हा फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे.

रोख दोन-तीन हजार रुपये, पन्नास आणि शंभरच्या नोटांत. टॉवर बंद पडला की फोनवरून पैसे जात नाहीत, आणि ऑटोवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात.

पायरी ७: उजेड आणि फोन

डोक्याला बांधायचा टॉर्च घ्या, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळतो, हात मोकळे राहतात. सेल टॉर्चमध्ये घालून ठेवू नका, शेजारी पाकिटात ठेवा, म्हणजे गळले तरी टॉर्च वाचतो. मेणबत्ती नकोच. गॅस गळत असेल तर तीच घात करते, आणि आपल्याकडे ती मे महिन्यातून वाचत नाही. पॉवरबँक महिन्यातून एकदा पूर्ण भरा, फुगलेली दिसली तर लगेच बाहेर काढा. सेलवर चालणारा छोटा रेडिओ ठेवा, टॉवर गेले तरी आकाशवाणी नागपूर लागतं.

आणि शिट्टी. ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजत राहते. प्रत्येक मुलाच्या दप्तरालाही एक बांधा.

फोन नंबर कागदावर लिहा, पेनाने नको, पेन्सिलने, शाई पाण्यात विरघळते. ११२ कुठल्याही मदतीसाठी, १०८ अँब्युलन्स, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९१२ विजेसाठी, १९०६ गॅस गळतीसाठी. खाली घरच्यांचे सगळ्यांचे नंबर, कारण आता कोणालाच पाठ नसतात. आणि एक नंबर शहराबाहेरच्या माणसाचा, अमरावतीचा मामा किंवा वर्ध्याची मावशी. नागपुरातल्या नागपुरात फोन लागेनासे होतात तेव्हा बाहेरगावी लागू शकतात. सगळ्यांनी तिथे 'मी ठीक आहे, इथे आहे' एवढा मेसेज टाकायचा. फोन करण्यापेक्षा मेसेज लवकर जातो.

सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. त्याचे यलो, ऑरेंज, रेड इशारे रोज येतात. रेड आला की त्या रात्री पिशवी उघडून पाणी भरा, फोन चार्ज करा, गाडी उंचावर लावा. विजांसाठी 'दामिनी' हे अॅप फोनवर ठेवा, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं आहे. शेतावर जाणाऱ्या भावाच्या फोनवर तर आधी टाका.

पायरी ८: उरलेलं

बंद बूट किंवा सँडल, पाण्याखाली काच आणि खिळे असतात. माणशी एक कपड्यांचा जोड, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, बाळाचे लंगोट, पातळ चादर, दुपट्टा, दहा मीटर जाड दोरी, साबण, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या. घराच्या चाब्यांचा जास्तीचा जुडगा. मुलांसाठी एखादं खेळणं. कुत्र्याचा पट्टा.

पायरी ९: उन्हाळ्याची पेटी

पुराची आठवण राहते, उन्हाची राहत नाही, आणि ऊन दरवर्षी येतं. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक दिवस, काय असतात ते एकदा भोगल्यावरच कळतं. घरातल्या पेटीत होळीच्या आठवड्यापासून या गोष्टी असाव्यात: ओआरएस आणखी दहा, जाड सुती पंचे चार, पाणी फवारायची बाटली, हातपंखे, कैरीच्या पन्ह्यासाठी उकडलेल्या गराची बरणी फ्रिजमध्ये, आणि छत्री. दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडू नका, कान झाका.

ऊन लागलं हे ओळखा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम: सावलीत आणा, पाजा, थंड करा. पण अंग तापलेलं, माणूस बरळतोय, ओळखत नाही, झटके येतात, तेव्हा तो उष्माघात. १०८ ला फोन, आणि गाडी येईतो कपडे सैल करून सगळ्या अंगावर पाणी, वरून पंखा, काखेत आणि मानेला थंड ओले पंचे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनळीत जातं. पॅरासिटामॉल उष्माघाताचा ताप उतरवत नाही, त्याची वाट बघण्यात वेळ घालवू नका.

आता कूलर. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बहुतेक वेळा पाणी भरताना. प्लग काढल्याशिवाय टाकीत पाणी घालायचं नाही, पंपाला हात लावायचा नाही, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. दीड-दोन हजारांच्या या वस्तूला मी सगळ्या पिशवीपेक्षा वरचा मान देते.

पायरी १०: पाणी शिरल्यावर हात कुठे जातील

पाणी उंबऱ्याला लागलं की क्रम असा: मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद, माणसं वर, पिशवी पाठीवर. स्विचबोर्डपर्यंत पाणी पोचलं असेल किंवा तुम्ही पाण्यात उभे असाल तर बोर्डाला हात लावू नका, तसेच निघा. सिलिंडर अर्धा रिकामा असेल तर तरंगतो आणि नळी ओढतो, म्हणून वेळ असेल तर रेग्युलेटर काढून टोपी लावा. गाडी काढायला खाली पार्किंगमध्ये जाऊ नका. नरेंद्रनगरच्या पुलाखाली किंवा लोखंडी पुलाखाली साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, खोली वरून कळत नाही. पाणी ओसरल्यावर भिजलेली गाडी चालू करून बघायची नाही, मेकॅनिक येईपर्यंत तशीच ठेवा.

घराबाहेर पडल्यावर भेटायची एक जागा ठरवा, उंचावरची: एखादं मंदिर, शाळा, चौकातली मोठी इमारत. सहा वर्षांच्या मुलालाही ती सांगता आली पाहिजे.

पायरी ११: खर्च आणि तारखा

एकदम सगळं आणायला जाल तर पुढच्या महिन्यावर ढकलाल. चार आठवडे करा. पहिल्या आठवड्यात पैसे न लागणारं: घर फिरणं, कागद, फोटो, नंबर. दुसऱ्यात औषधं. तिसऱ्यात टॉर्च, रेडिओ, दोरी. चौथ्यात किराणा, तो इतवारीच्या बाजारात घेतलात तर आणखी स्वस्त.

वर्षातून तीनदा पिशवी पूर्ण रिकामी करा. होळीच्या आठवड्यात, मृगाच्या आधी म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि गणपतीच्या आधीच्या साफसफाईत. मृगाच्या आधीची फेरी चुकवू नका, उन्हाने काय खाल्लं ते तेव्हाच दिसतं. फल्लीदाणे, चिवडा काढून खाऊन टाका, नवे भरा. मुलांचे कपडे लहान झालेले असतात, बदला. गोळ्यांच्या तारखा मोठ्याने वाचा, एकाने वाचायच्या, दुसऱ्याने लिहायच्या.

कोणाला यापुढे शिकायचं असेल तर एक लक्षात आणून देते. देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, १९५७ पासून. तुमच्या सोसायटीने अग्निशमन दलाकडे लेखी विनंती केली तर सिलिंडरची आग कशी विझवायची हे प्रत्यक्ष दाखवायची सोय होऊ शकते. अर्ज गणपतीच्या मंडळाच्या नावाने करा, माणसं जमतात.

आणि सराव. रात्री जेवणं झाल्यावर घरातले सगळे दिवे बंद करा, 'पाणी आलं' म्हणा आणि घड्याळ लावा. आत्याकडे पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, कारण आतोबांची चप्पल सापडेना आणि माझी चुलत बहीण पाऊच घ्यायला परत खाली गेली. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी पुन्हा केला, घरात पाहुणे असताना, मुद्दाम. चार मिनिटांत सगळे गच्चीवर होते. आतोबा वर पोचल्यावर त्यांनी पाठीवरच्या दप्तराकडे न बघता हात मागे नेला, गोंडा चाचपला, चेन उघडली आणि पंप काढून दाखवला.